खुशालीचा दाखला

कुंडल, ४ सप्टेंबर २०२४

आक्का,

मायना काय लिहावा या विचारात चहा गार झाला, म्हणून नुसतंच आक्का लिहितो. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घातलं नसशील, तर पुढं वाच. मी आकाराम, तुझा एकुलता एक धाकटा भाऊ.

दीड वर्षाच्या वर झालं, आपण बोललो नाही. फोन करून बघितला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस आणि ते बरोबरच केलंस. त्या आजारात मी तुला एका रात्रीत चाळीस फोन केले होते असं क्रांती म्हणते. मला सात-आठच आठवतात. बायको वाढवून सांगते म्हणावं, तर मोबाईलमध्ये नोंद निघाली.

आधी घरची खुशाली. क्रांतीची शिलाई जोरात चालली आहे, सगळ्या गल्लीचे ब्लाउज आमच्याच ओट्यावर टांगलेले असतात. प्रांजल कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बापाला इंग्रजीत गप्प करते. मी साखर कारखान्यातच आहे, पण साखर शिजवायच्या पॅनवर नाही, स्टोअरला. नट, बोल्ट, वायसर मोजून द्यायचे. ज्याचा स्क्रू ढिला त्यालाच स्क्रूच्या खोलीत बसवला, असं पहिले सहा महिने लोक माझ्या माघारी म्हणत. आता तोंडावर म्हणतात, म्हणजे माणसात आलो असं मी धरतो.

आता कामाचं. भाऊसो, आमचा सगळ्यात जुना पॅनमन, या हंगामात निवृत्त होतोय. कारखान्याला माणूस हवा आहे आणि साहेब मला परत पॅनवर घ्यायला तयार आहेत. फक्त एक अट आहे. डोक्यानं बरा आहे, कामाला लायक आहे, असा सांगलीच्या मेडिकल बोर्डाचा दाखला आणायचा. तारीख २१ ऑक्टोबर. तिथं मानसिक आजाराच्या डॉक्टर तपासतात, आणि पेशंटला आजारपणात जवळून बघितलेल्या नातेवाइकालाही विचारतात. त्या माणसाशिवाय दाखला मिळत नाही.

क्रांती येईलच. पण मी जास्तीत जास्त बिघडलो होतो त्या नऊ दिवसांत ती तासगावला माहेरी होती. तेव्हा घरात माझ्याजवळ तू एकटी होतीस. नवव्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात मला भरती करायच्या कागदावर सहीपण तूच केलीस. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

तू यायचं आणि दोन वाक्यं सांगायची. आजारी होता, आता बरा आहे. एवढंच. गोळ्या मी वेळेवर घेतो, झोप चांगली लागते, भांडण नाही, तंटा नाही. चौदा वर्षं मी साखर शिजवली, दुसरं मला काही येत नाही, आणि नट मोजून मोजून आता माझंच टाळकं गंजायला लागलं आहे.

दाजींना नमस्कार. लोणंदच्या बाजारात कांदा काय म्हणतो?

आकाराम

*

कुंडल, २५ सप्टेंबर २०२४

आक्का,

उत्तर नाही. नसू दे. पोस्टमन ज्ञानू रोज मला बघितला की लांबूनच हात हलवून 'न्हाई' म्हणतो. कालपासून तर मला बघून सायकलच वळवतो.

मला माहीत आहे, तुला भाऊबीज आठवत असेल. गेल्या वर्षी तू ताट घेऊन एवढ्या लांबून आलीस आणि मी आतल्या खोलीत कडी लावून बसलो. बाहेर तू क्रांतीला म्हणालीस, ते मी ऐकलं होतं.

"झोपलाय व्हय? झोपू दे. त्याला झोप लागती, ह्येच लय हाय."

मी झोपलो नव्हतो हे तुला कळलं होतं, आणि तुला कळलं आहे हे मला कळलं होतं. तरी मी उठलो नाही. तू ताट देव्हाऱ्यापुढं ठेवून गेलीस. करंजी मी खाल्ली. आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो.

तुला पॅन म्हणजे तवा वाटतो, म्हणून नीट सांगतो. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं उंच बंद भांडं. त्यात उसाचा आटवलेला रस शिजतो आणि शिजता शिजता त्यात साखरेचा दाणा धरतो. आता सगळीकडं घड्याळं आणि काटे आले, पण दाणा बरोबर धरला की नाही हे शेवटी पॅनमनच सांगतो. काचेच्या पट्टीवर थेंबभर घ्यायचं, बोटानं पसरायचं आणि उजेडाला धरून बघायचं. दाणे सारखे दिसले तर पुढं जायचं. नाहीतर सगळा पॅन विरघळवून पहिल्यापासून. ती पट्टी धरायला हात दगडासारखा स्थिर लागतो.

माझा हात थरथरत होता. गोळ्यांनी. लिथियमची गोळी आहे, तिनं डोकं जागेवर राहतं आणि बोटं नाचतात. ऑगस्टमध्ये साहेबांनी मला सहज पट्टी धरायला दिली, तर कपभर चहा सांडावा तसा थेंब खाली. साहेबांनी पट्टी पुसून जागेवर ठेवली. पण नंतर म्हणाले, "बोर्डाचा दाखला तर आणाच आकाराम, पण हंगामाच्या आधी मी हातही बघणार."

ती काळजी आता मिटली. हात थांबला आहे. काल मी ताटलीत पाणी काठोकाठ भरून घरभर फिरलो, एक थेंब सांडला नाही. क्रांती म्हणाली, "पुरं करा, फरशी पुसलीया." माणसानं मनावर घेतलं की सगळं होतं. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमही खेळलो, तीन तास. पोरं दमली, मी दमलो नाही. बऱ्याच दिवसांनी फार बरं वाटतंय, आक्का. आतून बरं वाटतंय.

२१ तारीख लक्षात ठेव. सोमवार आहे.

आकाराम

*

कुंडल, १६ ऑक्टोबर २०२४, पहाटे चार

आक्का, आक्का,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतोय, कारण साध्या पोस्टाचा वेग आता मला पुरत नाही. चार वाजले आहेत आणि माझी अंघोळ, देवपूजा, परसातल्या शेवग्याची छाटणी, सगळं उरकलं आहे. लोक झोपेत आयुष्य घालवतात याचं मला नवल वाटतं. तीन तास पुरतात. तीन तासांवर झोप म्हणजे चैन.

दसऱ्याला कारखान्यात बॉयलर पेटवायची पूजा झाली. दरवर्षी चेअरमन बोलतात आणि लोक पेढ्यांची वाट बघतात. या वेळी मी माईक घेतला. कुणी दिला नाही, मीच घेतला. पंधरा मिनिटं बोललो, साखरेवर, माणसावर, दोन्ही कसे आचेवर धरतात यावर. टाळ्या पडल्या. भाऊसोनं मला हाताला धरून खाली आणलं, तो म्हातारा झाला आहे, त्याला गर्दी सोसत नाही.

माझ्याकडं आता सहा बेत आहेत, तुला तीनच सांगतो. एक, दाणा धरायची नवी रीत. तिसऱ्या भागाएवढा वेळ वाचतो, मी वहीत सगळं काढून ठेवलं आहे, अडीच वह्या झाल्या. दोन, पॅनवर परत चढलो की तिन्ही पाळ्यांना जेवण घालायचं. साडेसातशे पानं. आचारी वाळव्याचा, त्याला काल सांगूनही आलो, बासुंदी असणार, बासुंदीशिवाय काही नाही. तीन, प्रांजलला सांगितलं आहे की कॉलेज सोड, आपण कंपनी काढू, तिनं फोन ठेवला, पोरीला बापाची झेप कळत नाही, कळेल. आणि तुला मी ट्रक घेऊन न्यायला येणार आहे, नुसती तू नको, दाजी, तुमची म्हैस, सगळे, लोणंदला काय ठेवलंय?

तुला म्हणून एक सांगतो, तू कुणाला बोलू नकोस. हात थांबला तो मनावर घेतल्यानं नाही. मी गोळी अर्धी केली. गणपतीच्या आधीपासून. आणि दसऱ्यापासून तीही बंद. किती साधी गोष्ट! गोळीनं हात हलतो, गोळी काढली, हात थांबला. एवढे डॉक्टर शिकले आणि हे कुणाला सुचलं नाही. क्रांतीला कळू नये म्हणून रोज एक गोळी पाकिटातून काढतो आणि तुळशीच्या मातीत खोचतो. तुळस पण खूश आहे.

बोर्डापुढं तू फक्त बरा आहे म्हण. खोटं नाही ते. मी इतका बरा जन्मात कधी नव्हतो.

ये ये ये.

तुझा आकाराम, पॅनमन

*

कुंडल, २२ ऑक्टोबर २०२४

सौ. विजयमाला यांस,

काल बोर्डानं मला कामाला नालायक ठरवलं. तुम्ही आलात, बाकावर माझ्याशेजारी बसलात, माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि आत जाऊन माझी पत्रं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलीत. भावानं विश्वासानं लिहिलेली पत्रं.

मागच्या वेळी एक सही. या वेळी तीन पत्रं. आता आणखी काही लिहून तुमच्या हातात द्यायची माझी इच्छा नाही.

आ.

*

कुंडल, ३१ ऑक्टोबर २०२४

आक्का,

मागचं तसलं पत्र मी तुला पाठवलं आणि आता हे पाठवतो आहे. म्हणतात ना, नाक कापलं तरी भोकं आहेतच.

दहा दिवस गोळ्या पुऱ्या घेतल्या, शिवाय रात्रीची एक नवीन. पहिले चार दिवस शिव्या दिल्या, तुला, बोर्डाला, मधल्या मध्ये क्रांतीला. पाचव्या दिवशी नऊला झोपलो तो सकाळी सातला उठलो. उठल्यावर परसात बघितलं तर शेवग्याचा नुसता खुंट उभा होता. त्या पहाटे मी छाटणी केली म्हणून लिहिलं होतं ना? झाड खलास केलं होतं. क्रांतीनं इतके दिवस एक शब्द काढला नव्हता.

तू बाहेर बाकावर होतीस तेव्हा आत काय झालं ते तुला सांगतो, तुला हसू येईल. तीन डॉक्टर होते, विचारत होत्या त्या मधल्या बाई. आज तारीख काय, वार काय, सांगितलं. शंभरातून सात वजा करत या म्हणाल्या, मी दोनपर्यंत आलो आणि पुढं उणे पाच, उणे बारा असा सुटलो, त्यांनी हात वर करून थांबवलं. मग म्हणाल्या, एका म्हणीचा अर्थ सांगा. 'उथळ पाण्याला खळखळाट फार.' आक्का, मी त्या म्हणीवर वीस मिनिटं बोललो. मधे पाणी प्यायलो आणि परत बोललो. शेवटचे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते.

मग विचारलं, "गोळ्या किती घेता?"

"पुऱ्या घेतो मॅडम."

एवढं एकच उत्तर मी दोन शब्दांत दिलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. रक्तात लिथियम किती आहे ते सुईनं कळतं हे मला पावणेदोन वर्षं शाळेतल्या पोरासारखं माहीत असून त्या दिवशी आठवलं नाही. म्हणजे तू तोंड उघडलं नसतंस तरी मी सापडणारच होतो. फक्त खोटारडा म्हणून सापडलो असतो. कारखान्याच्या कागदावर तसं आलं असतं तर परत कधी कुणी पॅनच्या जिन्यावर पाय ठेवू दिला नसता. आता कागदावर लिहिलं आहे, 'उपचारात खंड पडल्याने आजार उलटला, तीन महिन्यांनी फेरतपासणी.' हे मला भाऊसोनं वाचून समजावलं. मी नुसतं 'अपात्र' वाचलं होतं.

तू आत काय बोललीस ते परवा क्रांतीनं सांगितलं. ती तुझ्याशेजारीच बसली होती. म्हणाली, वन्संनी पिशवीतून तीन पत्रं काढली आणि ओळीनं मांडली. पहिल्यावर बोट ठेवलं.

"ह्ये माज्या भावानं लिवलंय. वाईच लबाड हाय, वाईच गुळमुळीत हाय, पन त्योच हाय." मग दुसरं सरकवलं. "हितनं त्यो निघालाय." आणि तिसरं. "ह्ये त्याचं न्हाई. ह्यात लय आनंद हाय बाई. येवडा आनंद आमच्या घरात कुनाला झेपत न्हाई."

डॉक्टरबाईंनी विचारलं, यांना कामावर घ्यावं असं तुम्हाला वाटतं का?

"घ्यावं. त्याच्यासारकी साकर कोन शिजवत न्हाई. पन आज न्हाई. आज घेतला तर नोकरी बी जाईल आन भाऊ बी."

डॉक्टरबाई म्हणाल्या, हे आपण यांना सांगणार नाही, नाव तुमचं येणार नाही. तर तू म्हणालीस, "सांगा की. माज्यावर राग धराया त्याला सवय हाय."

हे ऐकून मी परसात गेलो आणि त्या शेवग्याच्या खुंटापाशी बसून रडलो. मोठ्यानं रडलो. शेजारची रंगुबाई भिंतीवरून बघून गेली. बघू दे.

तुझी पत्रं, म्हणजे माझीच, तू क्रांतीकडं ठेवून गेलीस. तिसरं वाचलं. एका दमात नाही वाचता आलं, साडेसातशे पानांपाशी थांबलो आणि वाळव्याच्या आचाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "काळजी करू नगा, तुमचं डोळं बगूनच मी काय सामान भरलं न्हाई." सगळ्या जगाला दिसत होतं. मला सोडून.

आता तुला जे पहिल्या पत्रात लिहायला पाहिजे होतं ते लिहितो. क्रांती त्या वेळी माहेरी गेली नव्हती. मी तिला घालवलं होतं, पोरीसकट, जानेवारीच्या थंडीत, अंगावरच्या कपड्यानिशी. म्हणून तू आलीस. आणि नऊ दिवस तू दारात आडवी झोपत होतीस, मी विहिरीकडं जाऊ नये म्हणून. दवाखान्यात मी तुझा पदर धरून 'आक्का, सही करू नको' म्हणून ओरडलो, ते मला आठवतं. तू रडत होतीस आणि सही करत होतीस. एकवीस दिवसांनी मी तिथून माणूस होऊन बाहेर आलो आणि पहिली गोष्ट काय केली, तर तुझ्याशी बोलणं टाकलं.

मला तुझा राग नव्हता. लाज होती. तू मला जसं बघितलंस तसं कुणीच कुणाला बघू नये, आणि ते बघणारं माणूस डोळ्यांपुढं नको वाटतं. लाज वाटून घेण्यापेक्षा राग धरायला सोपं जातं, गावात चार लोक आपल्या बाजूनं बोलतात.

येत्या रविवारी भाऊबीज आहे. सकाळच्या गाडीनं किर्लोस्करवाडीहून निघतो. ओवाळायचं की नाही ते तू ठरव. आतल्या खोलीत कडी लावून बसलीस तरी चालेल, मी ओट्यावर दाजींशी कांद्यावर बोलत बसेन. आता मला कमी बोलता येतं.

आकाराम

*

कुंडल, १० फेब्रुवारी २०२५

आक्का,

आता तू फोन उचलतेस, उलट रोज सकाळी सातला तूच करतेस आणि 'किती वाजता झोपलास' हे विचारून ठेवून देतेस. दाजी म्हणाले, रेल्वेच्या गाड्या चुकतात पण हा फोन चुकत नाही. तरी हे लिहूनच पाठवतो आहे, का ते खाली कळेल.

२७ जानेवारीला दाखला मिळाला हे तुला त्याच दिवशी सांगितलं. 'कामास पात्र, रात्रपाळी वर्ज्य, दर महिन्याला तपासणी.' आज पॅनवर सात दिवस झाले. हंगाम निम्म्याहून जास्त उरकला आहे, पण उरला आहे तेवढा माझा आहे. सकाळची पाळी. जिना चढताना त्या गोडसर वाफेचा वास आला आणि माझे डोळे भरले. खाली बघ्यांची गर्दी होती, म्हणून घाम पुसल्यासारखं केलं.

हाताचं सांगायचं राहिलं. फेरतपासणीला गेलो तेव्हा मी स्वतःहून डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, पट्टी, थेंब, तुळस, सगळं. त्या म्हणाल्या, "अहो, थरथर कमी करायला एक छोटी गोळी असते. तुम्ही नुसतं विचारायचं होतं." आक्का, एवढ्याशा गोळीपायी मी झाड तोडलं, पोरीचं कॉलेज सोडवायला निघालो आणि चेअरमनच्या हातचा माईक ओढला. हात अजून थोडा हलतोच. पहिल्या दिवशी मी पट्टी लपवत होतो, तर भाऊसो म्हणाला, "माजा बी कापतोय की रं, साठी आली. कोपर कठड्याला टेकव आन धर. साकर काय तुज्या हाताकडं बगून व्हती व्हय?" कोपर टेकवलं. दाणा दिसला. एकसारखा, बारीक, पट्टीभर. मी भाऊसोला दाखवला, त्यानं नुसती मान हलवली आणि तंबाखू मळायला गेला.

बोर्डात या वेळीही बाईंनी म्हण विचारली. 'आधी पोटोबा मग विठोबा.' मी म्हणालो, आधी जेवावं. तिघेही हसले. मग विचारलं, रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल? मी म्हणालो, पेटीत टाकेन, पत्र कुठं पोचेल आणि कुणाला वाचवेल सांगता येत नाही. हे उत्तर त्यांनी पूर्ण लिहून घेतलं.

शेवटी मी त्यांना एक विचारलं. म्हटलं मॅडम, मी आता खुशीत आहे. सकाळी शीळ वाजवत दाढी करतो. पण शीळ वाजली की बायको घड्याळाकडं बघते आणि मुलगी कराडहून फोन करते. मला स्वतःलाही धास्ती वाटते. ही खुशी माझी की आजाराची, हे मी कसं ओळखायचं?

त्या म्हणाल्या, "रात्री झोपलात?"

"आठ तास."

"काल ज्या गोष्टीनं खूश होता, तिच्यानंच आज आहात का, की आज पाच नवीन आहेत?"

"तीच एक आहे मॅडम. पॅन."

"मग ती तुमचीच आहे. वापरा."

म्हणून वापरतो आहे. काल पाळी सुटल्यावर मी आणि क्रांती कृष्णेच्या घाटावर जाऊन भडंग खाऊन आलो. तिनं मधेच माझ्या हातावर हात ठेवला, थरथर थांबते का बघायला असेल. थांबली नाही, तिनंही हात काढला नाही. मला फार बरं वाटलं, आणि घरी येऊन मी दहाला झोपलो.

पण बाईंनी हेही सांगितलं की हा आजार परत येऊ शकतो, आणि आला की सगळ्यात आधी माझीच अक्कल काढून नेतो. त्या वेळी मी चांगला आहे असंच म्हणणार, आणि मनापासून म्हणणार. म्हणून कायद्यात एक सोय आहे. माणूस शुद्धीत असताना साध्या कागदावर एक नाव लिहून देऊ शकतो, की माझं डोकं ठिकाणावर नसेल तेव्हा माझ्या उपचाराचं या माणसाला विचारा. ज्याचं नाव लिहिलं त्यानंही खाली सही करून कबूल व्हायचं. बहुतेक लोक बायकोचं नाव देतात. मी क्रांतीला विचारलं. ती लगेच म्हणाली, "वन्संचं द्या. सहीला माजा हात तवा बी उचलला नव्हता. त्या रडत रडत करत्यात, पन करत्यात."

कागद सोबत जोडला आहे. मी स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे, वाचून बघ, गुळमुळीत आहे का ते सांग.

"मी आकाराम, वय ४४, राहणार कुंडल, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीनं लिहून देतो की, माझी बहीण सौ. विजयमाला, राहणार लोणंद, हिला मी माझ्या उपचारांसाठी नेमलं आहे. मी झोपेनासा झालो, फार आनंदात दिसू लागलो आणि 'मी अगदी बरा आहे' असं सांगू लागलो, तर माझ्यावर विश्वास ठेवू नये. तिच्यावर ठेवावा. मी तिचा पदर धरला, शिव्या दिल्या, सही करू नको म्हणून हातापाया पडलो, तरी ते माझं बोलणं धरू नये. माझं खरं बोलणं हे आहे, ते आज लिहिलं आहे."

खाली तुझ्यासाठी जागा सोडली आहे.

आक्का, सही कर.

तुझा आकाराम